गाठोड्याचा वेग

अकरावीच्या रसायनशास्त्रात हायड्रोकार्बनांचे एक प्रकरण असते आणि बारावीत अभिक्रियेच्या वेगाचे. या दोन प्रकरणांची गाठ कधी पडत नाही. अकरावीत मुले शिकतात की हायड्रोकार्बनचा मोठा रेणू तापवला की तुटतो. डोडेकेनपासून हेप्टेन आणि पेंटीन मिळते असे एक समीकरण फळ्यावर लिहून तास पुढे सरकतो. बारावीत मुले शिकतात की वेग मोजावा, आलेख काढावा, कोटी ठरवावी आणि कोटीवरून अभिक्रिया कशी घडत असेल याचा अंदाज बांधावा. कोटी समीकरणावरून नव्हे तर प्रयोगानेच ठरते, हेही पुस्तकात लिहिलेले असते. ते वाक्य आपण मुलांकडून अधोरेखित करून घेतो आणि पुढच्या पानावर विसरून जातो.

मग वर्गातली एखादी मुलगी दोन्ही वर्षांची बेरीज करते आणि विचारते, "जड तेलापासून पेट्रोल करतात, त्या अभिक्रियेची कोटी किती?"

हा प्रश्न आम्हांला विचारला गेला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. शोधायला गेलो तर एकाऐवजी तीन मिळाली. कोणी म्हणतो पहिली, कोणी म्हणतो दुसरी, आणि तिसऱ्याचे म्हणणे असे की हा प्रश्न असा विचारूच नये. तिघांनीही प्रयोग नीट केलेले आहेत. तेव्हा चूक कुठे असेल तर ती आपण 'कोटी' या शब्दाला जो अर्थ चिकटवून ठेवला आहे त्यात असली पाहिजे. या लेखात आम्ही त्या अर्थाचीच झडती घेणार आहोत, आणि उदाहरण म्हणून हायड्रोक्रॅकिंग घेणार आहोत, म्हणजे हायड्रोजनच्या सान्निध्यात जड तेलाचे भंजन.

प्रक्रिया थोडक्यात अशी. खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन केले की पेट्रोल, केरोसीन, डिझेल निघते आणि खाली जड तेल उरते. ते कमी दाबाखाली पुन्हा ऊर्ध्वपातित केले की जे मिळते त्याला गॅस ऑइल म्हणतात. त्याच्या रेणूंत साधारण वीसपासून चाळीसपर्यंत कार्बन अणू असतात; पेट्रोलच्या रेणूंत पाचपासून बारापर्यंत. गॅस ऑइल सुमारे ४०० अंश सेल्सियसला, शंभरएक वातावरणांच्या दाबाच्या हायड्रोजनबरोबर, उत्प्रेरकाच्या गोळ्यांनी भरलेल्या उंच पात्रातून खाली सोडतात. कल्पना जुनी आहे. फ्रीडरिश बर्गियस यांनी कोळशावर दाबाखाली हायड्रोजन घालून द्रव इंधन मिळवले. १९२७ साली जर्मनीत लॉयना येथे त्याचा कारखाना उभा राहिला आणि १९३१ साली कार्ल बॉश यांच्याबरोबर बर्गियसना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या रूपातले हायड्रोक्रॅकिंग मात्र १९६०च्या आसपास अमेरिकेत रुजले, कारण तिथे मोटारी पेट्रोलवर चालत होत्या. आपल्याकडे १९९०च्या दशकात वडोदऱ्याजवळ कोयलीला हायड्रोक्रॅकर सुरू झाला. मुंबईत माहुललाही असे संयंत्र आहे. आपल्या देशात त्याचा भर पेट्रोलपेक्षा डिझेल आणि केरोसीन यांवर अधिक असतो. आपण मात्र पेट्रोलचेच उदाहरण घेऊ, कारण वेगाचे सुरुवातीचे अभ्यास त्यावरच झाले.

आता समीकरण. हायड्रोक्रॅकिंग शिकवायचे झाले तर आपण सोळा कार्बनांचा हेक्झाडेकेन घेऊ, त्यात हायड्रोजनचा एक रेणू मिळवू आणि उजवीकडे ऑक्टेनचे दोन रेणू लिहू. समीकरण संतुलित आहे, गुण पूर्ण मिळतात. पण त्याने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते जवळजवळ सगळे खोटे आहे. हायड्रोजनचा रेणू येऊन साखळीच्या मधोमध आदळला आणि साखळीचे दोन सारखे तुकडे झाले, असे काही तिथे घडत नाही.

उत्प्रेरकाच्या गोळीत दोन प्रकारची ठिकाणे असतात. एक धातूचे: प्लॅटिनम किंवा पॅलॅडियम, अथवा निकेल आणि टंगस्टन यांची सल्फाइडे. दुसरे आम्लाचे: झिओलाइट किंवा सिलिका-अल्युमिना. साखळी धातूपाशी येते तेव्हा तिला हायड्रोजन मिळत नाही. उलट तिच्यातले हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतले जातात आणि ती अल्कीन होते. हे अल्कीन आम्लाच्या ठिकाणी जाते, तिथे त्याला एक प्रोटॉन चिकटतो, धनभारित कार्बनायन तयार होतो. त्याची रचना बदलते, सरळ साखळीला फाटे फुटतात, आणि मग धनभारित कार्बनपासून एक बंध सोडून पुढचा बंध तुटतो. सुटलेले तुकडे पुन्हा धातूपाशी येतात आणि तेव्हा कुठे त्यांच्यात हायड्रोजन शिरतो. हेक्झाडेकेनपासून दोन ऑक्टेनच मिळतात असेही नाही. तीन कार्बनांपासून तेरा कार्बनांपर्यंतचे तुकडे मिळतात. मिथेन आणि ईथेन फारसे मिळत नाहीत, कारण या रीतीने टोकाचे एक-दोन कार्बन तोडणे अवघड जाते.

या चित्रातून एक गोष्ट निघते, ती वर्गात सांगितली तर मुलांचा विश्वास बसत नाही. समीकरणाच्या डाव्या बाजूला हायड्रोजन आहे. मुले वेगाचे सूत्र लिहिताना त्याची संहती गुणाकारात घेतील. प्रत्यक्षात शुद्ध सरळ साखळीच्या पॅराफिनवर आणि पुरेसा धातू असलेल्या उत्प्रेरकावर प्रयोग केला, तर हायड्रोजनचा दाब वाढवल्यावर भंजनाचा वेग कमी होतो. कारण पहिली पायरी हायड्रोजन काढण्याची आहे. हायड्रोजन जास्त असेल तर अल्कीन कमी तयार होणार, आणि आम्लाच्या वाट्याला कमी माल येणार. म्हणजे ज्याच्या नावाने ही अभिक्रिया ओळखली जाते तोच तिला मागे खेचतो! मग शंभर वातावरणांचा खटाटोप कशासाठी? कारण हायड्रोजन नसेल तर अल्कीने एकमेकांना चिकटत जाऊन काजळीसारखा कोक बनतो आणि उत्प्रेरक झाकून टाकतो. शिवाय गॅस ऑइलात बेंझीनसारखी जोडलेली कडी असतात, ती हायड्रोजनने संपृक्त केल्याशिवाय फुटत नाहीत. गंधक आणि नायट्रोजन काढून टाकायचे असतात. आणि नायट्रोजनची संयुगे अल्कधर्मी असल्याने आम्लाची ठिकाणे अडवून बसतात. हे सगळे हायड्रोजन करतो. समीकरणात तो अभिकारक म्हणून लिहिला जातो, पण कारखान्यात तो झाडूवाला, पहारेकरी आणि पुरवठादार या तिन्ही भूमिका करतो. हे आपल्या पुस्तकांत एका ओळीनेही येत नाही, आणि आमच्या मते तिथली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आता वेगाकडे वळू. १९६९ साली यूटा विद्यापीठातल्या कादर आणि हिल यांनी गॅस ऑइलच्या हायड्रोक्रॅकिंगवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. या विषयात तो वारंवार उद्धृत होतो. ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान, सुमारे शंभर वातावरणांचा दाब, आणि ताशी उत्प्रेरकाच्या आकारमानाच्या अर्धपट ते तिप्पट तेल सोडायचे, अशी मांडणी होती. निष्कर्ष असा की गॅस ऑइलचे भंजन पहिल्या कोटीचे आहे आणि त्याची सक्रियण ऊर्जा प्रति मोल २१.१ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ८८ किलोज्यूल आहे.

निबंध मोलाचा आहे यात शंका नाही. शेकडो, कदाचित हजारो प्रकारचे रेणू असलेल्या काळपट द्रवाला दोन आकड्यांत बसवणे आणि त्या आकड्यांनी पात्राचा आकार ठरवता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हे दोन आकडे नेमके कशाचे आहेत? सक्रियण ऊर्जा म्हणजे रेणूला ओलांडावा लागणारा घाट, असे आपण शिकवतो. इथे घाट कोणाचा? चाळीस कार्बनांच्या साखळीचा, की चार कड्या जोडलेल्या रेणूचा? कार्बन-कार्बन बंध तोडायला प्रति मोल सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. ८८ हा आकडा त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. उत्प्रेरक घाट कमी करतो हे खरे, पण तेवढेच कारण असेल असे गृहीत धरता येत नाही. तेलाला उत्प्रेरकाच्या बारीक छिद्रांतून आत झिरपायला वेळ लागतो, आणि अभिक्रियेपेक्षा हे झिरपणे मंद पडू लागले तर मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्याच्या निम्म्यापर्यंत उतरू शकते. अशा आकड्यात रसायन, झिरपणे आणि मिश्रण असे तिन्ही मिसळलेले असू शकते.

त्या आकड्याचा एक उपयोग मात्र वर्गात लगेच करता येतो. 'तापमान दहा अंशांनी वाढले की वेग दुप्पट होतो' हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारतो की मुलांना तो निसर्गनियमच वाटतो. तो नियम नाही. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्व्हिनच्या आसपास, सक्रियण ऊर्जा सुमारे ५३ किलोज्यूल असेल तरच तो लागू पडतो. ८८ किलोज्यूल आणि ४०० अंश सेल्सियस घेऊन मुलांना आऱ्हेनियसचे सूत्र वापरायला सांगावे. दहा अंशांनी वेग सव्वापट होतो, आणि दुप्पट व्हायला जवळजवळ तीस अंश लागतात. तीस अंशांत आठपट असे उत्तर देणारा विद्यार्थी नियम बरोबर पाठ करून चुकीचे उत्तर देत असतो, आणि त्याची जबाबदारी आपली आहे.

आणि हा नुसता गणिताचा प्रश्न नाही. साखळी तुटताना उष्णता लागते, पण हायड्रोजन शिरताना त्याहून अधिक बाहेर पडते. एकूण प्रक्रिया उष्णता देणारी आहे. उष्णतेने तापमान वाढते, तापमानाने वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता येते. हे चक्र रोखण्यासाठी पात्रातला उत्प्रेरक एकाखाली एक अशा थरांत भरतात आणि दोन थरांच्या मध्ये थंड हायड्रोजन सोडतात. २१ जानेवारी १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मार्टिनेझजवळ टॉस्को कंपनीच्या एव्हॉन रिफायनरीत हे चक्र हाताबाहेर गेले. दुसऱ्या टप्प्यातल्या एका पात्राच्या चौथ्या थरात तापमान भडकले. नियंत्रणकक्षात दिसणारे तापमानाचे आकडे वरखाली होत होते आणि खरोखर तापमान चढते आहे की उपकरण बिघडले आहे याबद्दल कामगारांचा गोंधळ झाला. तापमान ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सियसच्या वर गेले तर दाब ताबडतोब सोडून द्यावा अशी लेखी सूचना होती. ती अमलात आली नाही. पात्राबाहेरची नळी फुटली, वायूने पेट घेतला. पात्राच्या तळाशी असलेल्या फलकावरचे तापमान वाचायला गेलेला एक कामगार मरण पावला आणि ४६ जण जखमी झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चौकशी करून १९९८ साली अहवाल दिला. नळीचे तापमान फुटताना बहुधा १४०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ७६० अंश सेल्सियसच्या वर गेले होते.

८८ किलोज्यूलच घेऊन ४२७ आणि ७६० अंशांच्या वेगांचे गुणोत्तर काढले तर ते सुमारे १३० येते. पण ते उत्तर वहीत लिहून थांबणाऱ्याला एक प्रश्न विचारला पाहिजे: ४०० ते ५०० अंशांत मोजलेला आकडा ७६० ला वापरायची परवानगी कोणी दिली? तितक्या तापमानाला उत्प्रेरकाची वाट न पाहता रेणू आपोआप फुटू लागतात. त्या अभिक्रियेचा घाट कितीतरी उंच, म्हणून तापमानाबरोबर तिचा वेगही कितीतरी झपाट्याने वाढतो. मिश्रणाचा आकडा ज्या पल्ल्यात मोजला त्या पल्ल्याबाहेर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता कोटीबद्दल, आणि त्यासाठी एक खेळ. ६० नाणी घ्या आणि ६० सोंगट्यांचे फासे घ्या. (फासे कमी असतील तर कागदाचे घन चिकटवून करता येतात, मुले हौसेने करतात.) सगळे एकदम टाका. नाण्यांपैकी ज्यांवर छाप पडला ती बाजूला काढा. फाशांपैकी ज्यांवर सहा पडले ते बाजूला काढा. उरलेले मोजा आणि पुन्हा टाका. प्रत्येक नाणे दर फेरीला एक-द्वितीयांश शक्यतेने 'फुटते', प्रत्येक फासा एक-षष्ठांश शक्यतेने. कोणाचाही कोणाशी संबंध नाही. दोन्ही शुद्ध पहिल्या कोटीचे.

सरासरीने नाणी ३०, १५, ७.५, ३.७५, १.९ अशी उरतील. फासे ५०, ४१.७, ३४.७, २८.९, २४.१ असे. आता मुलांना नाणी कोणती आणि फासे कोणते ते विसरायला सांगा. फक्त बेरीज द्या: सुरुवातीला १२०, मग ८०, ५६.७, ४२.२, ३२.७, २६. पहिल्या फेरीत दोन-तृतीयांश उरले. पहिल्या कोटीचा नियम असता तर दर फेरीला दोन-तृतीयांशच उरायला हवेत, म्हणजे पाचव्या फेरीनंतर १५.८. उरले मात्र २६. दुसऱ्या कोटीचे सूत्र लावून पाहा: पाचव्या फेरीला ३४.३ येते, तेही जुळत नाही. आता १२० ला (१ + ०.२२५ × फेऱ्या) या संख्येच्या वर्गाने भागा. ८०, ५७.१, ४२.८, ३३.२, २६.६. सुरेख जुळते. हे सूत्र कोणत्या कोटीचे? दीड!

वर्गात या ठिकाणी हशा पिकतो, कारण दीड कोटी म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे लॉटरी येते. पण हशा ओसरल्यावर विचारायला हवे की या दीड कोटीवरून अभिक्रियेबद्दल काय कळले? दीड रेणू एकमेकांवर आदळतात का? काहीच कळले नाही. त्यातून एवढेच दिसते की गाठोड्यात लवकर फुटणारे आणि उशिरा फुटणारे एकत्र होते. लवकर फुटणारे आधी संपतात, मागे चिवट उरतात, म्हणून एकूण वेग अपेक्षेपेक्षा जास्त मंदावत जातो. वेगस्थिरांकांचा पसारा आणखी वाढवला तर कोटी दोनपर्यंत जाते. ज्यांना समाकलन येते त्यांनी ताळा करून पाहावा: वेगस्थिरांकांचे वितरण घातांकी घेतले तर हजारो पहिल्या कोटीच्या अभिक्रियांची बेरीज तंतोतंत दुसऱ्या कोटीची होते.

खेळातून आणखी एक गोष्ट दिसते. दोनच फेऱ्यांवर थांबलात तर पहिल्या कोटीने ५३.३ यायला हवे होते आणि आले ५६.७. हाताने मोजताना एवढा फरक सहज पडतो. म्हणजे पल्ला आखूड असेल तर गाठोडे पहिल्या कोटीचे दिसेल. 'पहिली', 'दुसरी' आणि 'विचारू नका' ही आम्हांला मिळालेली तीन उत्तरे एकत्र कशी नांदतात ते इथे उलगडते.

दुसरे उत्तर व्हर्न वीकमन यांचे. मोबिल कंपनीत काम करणाऱ्या वीकमननी १९६८ ते १९७० या काळात हायड्रोजनविना होणाऱ्या उत्प्रेरकी भंजनासाठी तीन गाठोड्यांचे प्रतिमान मांडले. पहिल्या गाठोड्यात गॅस ऑइल, दुसऱ्यात पेट्रोल, तिसऱ्यात वायू आणि कोक. गॅस ऑइल फुटण्याचा वेग दुसऱ्या कोटीचा धरला, पेट्रोल फुटण्याचा पहिल्या. गॅस ऑइलचे दोन रेणू भेटतात असा त्यांचा दावा नव्हता. रुंद गाठोड्याला दुसरी कोटी शोभते आणि अरुंद गाठोड्याला पहिली पुरते, एवढाच हिशेब. कादर-हिल यांच्या एका वेगस्थिरांकापेक्षा हे प्रतिमान आम्हांला अधिक शहाणे वाटते, आणि त्याचे कारण कोटीत नाही. त्यात पेट्रोल मधल्या गाठोड्यात आहे, हे कारण.

शेंगदाणे भाजताना काय होते ते आठवा. कच्चे, खरपूस आणि करपलेले, अशी तीन गाठोडी. खरपूस दाणे हवे असतात, पण तेही कढईत राहिले तर करपतात. पेट्रोलचे तेच. वेळ वाढवत गेलो तर गॅस ऑइल कमी होत जाते, पेट्रोल काही काळ वाढते आणि मग घटू लागते, कारण त्याचाच वायू होऊ लागतो. दोन्ही पायऱ्या पहिल्या कोटीच्या धरल्या आणि पहिली दुसरीच्या पाचपट वेगवान असली, तर पेट्रोल जास्तीत जास्त ६७ टक्के मिळेल. दहापट असली तर ७७ टक्के. त्यापुढे धीर धरण्याचा उपयोग नाही. शिवाय दाणे लहानमोठे असतात: बारीक करपतात तेव्हा टपोरे अजून कच्चे असतात. अनुभवी माणूस मग काय करतो? भाजलेले चाळून काढतो आणि उरलेले पुन्हा कढईत टाकतो. रिफायनरीतही हेच करतात. एका फेरीत सगळे तेल फोडण्याचा हट्ट धरत नाहीत. पेट्रोल वेगळे काढून न फुटलेले जड तेल पुन्हा पात्राकडे पाठवतात. एकाच वेगस्थिरांकाच्या प्रतिमानात ही युक्ती का लागते हेच दिसत नाही.

तिसरे उत्तर, म्हणजे कोटी विचारू नका हे, १९७४ साली शेव्हरॉनच्या ब्रूस स्टॅन्जलँड यांच्या हायड्रोक्रॅकिंगच्या प्रतिमानात सापडते. त्यांनी तेलाचे उत्कलनबिंदूनुसार पातळ काप केले, जसे भाकरीच्या चळतीतून एकेक भाकरी वेगळी करावी. प्रत्येक कापाला स्वतःचा पहिल्या कोटीचा वेगस्थिरांक. उत्कलनबिंदू जितका वरचा तितका तो मोठा. एक आकडा हा चढ किती तीव्र ते सांगतो, आणि आणखी दोन आकडे फुटलेला माल खालच्या कापांत कसा वाटला जातो ते सांगतात. एकूण तेलाची कोटी कुठेच लिहावी लागत नाही. ती बेरजेतून आपोआप निघते. आम्हांला हे प्रतिमान सर्वांत प्रामाणिक वाटते. पण उत्कलनबिंदू सारखा असला म्हणजे रेणू सारखे झाले असे नव्हे. एकाच कापात सरळ साखळी आणि जोडलेली कडी शेजारी बसलेली असतात, आणि त्यांच्या वेगांत मोठे अंतर असते. पुढे १९७६ साली वीकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा गाठोडी केली, त्यात कडी आणि साखळ्या वेगळ्या पाडल्या. १९९२ साली मोबिलच्याच क्वान आणि जॅफी यांनी प्रत्येक रेणू त्याच्या घटकभागांच्या यादीने लिहायची रीत काढली, आणि गाठोडी सोडून रेणूच मोजायची वाट खुली झाली. ती वाट संगणकाशिवाय चालता येत नाही.

गाठोडे बांधणे मुळात केव्हा रास्त ठरते, याचे गणितही झालेले आहे. ते जेम्स वे आणि जेम्स कुओ यांनी १९६९ सालीच मांडले, म्हणजे कादर-हिल यांचा निबंध आला त्याच वर्षी. पहिल्या कोटीच्या अभिक्रियांपुरती अट अशी: एका गाठोड्यातल्या प्रत्येक रेणूचा दुसऱ्या प्रत्येक गाठोड्यात जाण्याचा वेग सारखा असला पाहिजे. तसे असेल तर गाठोडे रेणूसारखे वागते आणि त्याचा वेगस्थिरांक खरा असतो. आपल्या खेळात नाणी आणि फासे एकत्र बांधल्याबरोबर ही अट मोडते. गॅस ऑइलमध्ये तर ती पहिल्या थेंबापासूनच मोडलेली असते. तरीही कारखाने चालतात, कारण ठरावीक तेल, ठरावीक उत्प्रेरक आणि ठरावीक पल्ला असेल तर मोडलेली अटही चालवून घेता येते. विहीर बदलली, दुसऱ्या देशाचे तेल आले, की वेगस्थिरांक नव्याने मोजावे लागतात. रेणूचा खरा वेगस्थिरांक देश पाहून बदलत नाही.

बारावीच्या प्रकरणावर आमचा आक्षेप नेमका इथे आहे. त्यातली उदाहरणे एकेका शुद्ध पदार्थाची असतात: नायट्रोजन पेंटॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, साखरेचे अपघटन. ती योग्यच आहेत, सुरुवात तिथूनच व्हावी. पण प्रकरण तिथेच संपते, आणि बाहेरच्या जगात मुलांना भेटणार आहेत ती जवळजवळ सगळी गाठोडी असतात: तेल, सांडपाणी, खत, माती, शिजणारी डाळ. सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याच्या अपघटनाचा वेगस्थिरांक काढणारा विद्यार्थी उद्या तोच आकडा दुसऱ्या नाल्याला लावील, आणि तसे करू नये हे त्याला कोणी सांगितलेले नसेल. अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता एक तास यासाठी काढता येतो. नाणी आणि फासे यांच्या खेळाला चाळीस मिनिटे पुरतात.

खेळ घ्याल तेव्हा एक बदल करून पाहा. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला नाणी आणि फासे यांचे प्रमाण तुम्ही न सांगता ठरवू द्या. त्यांनी दुसऱ्या गटाला फक्त बेरजेचे आकडे द्यायचे, पहिल्या तीन फेऱ्यांचे. दुसऱ्या गटाने आलेख काढून कोटी सांगायची आणि सहाव्या फेरीला किती उरतील त्याचे भाकीत लिहून ठेवायचे. मग पुढच्या तीन फेऱ्या टाकायच्या आणि ताळा पाहायचा. भाकीत बहुधा कमी येते. किती कमी येते ते फळ्यावर लिहा, आणि सुरुवातीला नाणी किती होती हे दुसऱ्या गटाला त्या आकड्यांवरून ओळखता येते का ते विचारा.